नकाशावहिनी आणि बिनकिल्लीचं दुकान

कुलपांच्या दुकानाला स्वतःची किल्ली नव्हती. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, बाजारातले सगळे कधीच हसून मोकळे झालेत. घड्याळाच्या मनोऱ्यासमोर, चष्मेवाला आणि शिंपी यांच्या मधे अंग चोरून उभं असलेलं दुकान. आत भिंतभर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, फळीवर पितळी कुलपं, कोपऱ्यात किल्ल्या कापायचं मशीन. अख्ख्या गावाच्या किल्ल्या इथे व्हायच्या, आणि या दुकानाचं शटर मात्र मालक, म्हणजे अप्पा, रोज सकाळी एका वाकड्या तारेनं उघडायचे.

किल्ली हरवली होती ती सूनबाई या घरात यायच्याही आधी. नवी करून घ्यायला कुणी अडवलं होतं का? छे. पण अप्पांचा तोरा! "मला कशाला किल्ली? हे कुलूप मला ओळखतं." खिशातून तार काढायची, डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं, म्हणजे आपली कला कुणी चोरून शिकत नाही ना याची खात्री करायची, आणि चुटकीसरशी कुलूप हातात. समोरचा चहावाला रोज मान डोलवून दाद द्यायचा.

दाद न देणारं एकच माणूस होतं, ती सून. अप्पांचे गुडघे कुरकुरणारे, चाल संथ. ती झपाझप पुढे यायची आणि डब्याची पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहायची, सासरे येऊन तार काढेपर्यंत. ऊन असो, थंडी असो, बाहेर गिऱ्हाईक ताटकळत उभं असो. "वहिनी, उघडा की!" कुणी म्हणालं की तिच्या कपाळाला आठी. "मी पडले किल्लीची माणूस, तारेची नाही. थांबा दोन मिनिटं."

तिचा नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर. महिन्यातून चार दिवस घरी, तेही झोपेत. सासूबाई गेल्यावर गल्ल्यावर बसायला कुणी उरलं नाही म्हणून ही बसली, आणि बसली ती बसलीच. किल्ली कापायला शिकली, मशीनला तेल घालायला शिकली, गिऱ्हाइकाला दटावायलाही शिकली. पण तिचं खरं नाव झालं ते वेगळ्याच कामामुळे.

त्याचं असं झालं. एके दुपारी एक गृहस्थ घामाघूम होऊन दुकानात आले आणि आल्या आल्या तोंडाचा पट्टा सुरू. म्हणे फोनमधल्या नकाशानं त्यांना मागच्या गल्लीत नेलं, थेट दातांच्या दवाखान्यात. तिथे बिचारे रांगेत बसले, नंबर आला, आणि डॉक्टरीणबाईंनी "आ करा" म्हटल्यावर यांना कळलं की इथे कपाटाचं कुलूप काही उघडणार नाही. अप्पा पोट धरधरून हसले. सुनेला हसू आलं नाही. जो रांगेत बसला तो निदान चालत आला तरी. जे वैतागून परस्पर घरी गेले असतील त्यांचं काय?

त्या दिवसापासून ती नकाशाच्या मागे हात धुऊन लागली. दुकानाची खूण दवाखान्यावरून उचलून आपल्या पायरीवर आणायची, एवढंच तर काम. पण नकाशाची कंपनी ऐकेल तर ना! हिनं खूण सरकवावी, दुसऱ्या दिवशी ती परत दवाखान्यात. हिनं घड्याळाच्या मनोऱ्यापासून बोर्डापर्यंत फोटो काढले, चष्मेवाल्याला आणि शिंप्याला कामाला लावलं, "तुम्ही पण कळवा, खूण चुकलीय म्हणून," आणि शेवटी एकदाची ती खूण पायरीवर येऊन टेकली. मग हुरूप आला. वेळा लिहिल्या, सुट्टीचा दिवस लिहिला, मशीनसमोर बसलेल्या अप्पांचा फोटो टाकला. पत्ता चार ठिकाणी चार तऱ्हेचा होता, तो सगळीकडे सारखा केला. बघता बघता चष्मेवाला आला, "वहिनी, माझंही बघा ना जरा." मग शिंपी, मग चहावाला. सगळ्यांनी मिळून तिचं बारसं केलं, नकाशावहिनी.

पायरीवरचा वेळ मग वाया जाईना. नवऱ्याचा जुना फोन तिनं मुद्दाम ठेवला होता, ज्यात तिचं खातं नव्हतं. रोज सकाळी त्या फोनवर ती परक्या माणसासारखी आपलं दुकान शोधायची. नाव बरोबर? नंबर बरोबर? वेळा, खूण, फोटो? कुणी नवा अभिप्राय लिहिलाय का, कुणी "दुकान बंद पडलंय" असा आगाऊपणा केलाय का? "आपल्या फोनवर आपलं सगळं छानच दिसतं. गिऱ्हाइकाला काय दिसतं ते बघायचं," असं ती चष्मेवाल्याला सांगायची आणि मग त्याच्याही दुकानावर नजर टाकायची.

अप्पांना यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. त्यांचा एकच नियम, आणि तो काळ्या दगडावरची रेघ. कुणी किल्ली करायला आलं की किल्ली तयार झाल्यावर हातात देण्याआधी ते चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, "दार कुणाचं?" माणूस म्हणायचा, "माझं." मग घराचा कागद, नाहीतर शेजारी, नाहीतर अप्पा स्वतः पिशवी घेऊन दाराशी हजर. उघडून दाखव, मग किल्ली घे. एकदा खुद्द आपल्या मेव्हण्याला त्यांनी तासभर दारात उभं केलं होतं. "ओळखीचा असला म्हणून काय झालं? दार ओळखीचं पाहिजे."

आणि हाच माणूस फसला.

सून आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माहेरी गेली होती. दुकानाचा फोन अप्पांकडे. परतली त्या सकाळी नेहमीसारखी पायरीवर बसली, जुना फोन काढला, दुकान शोधलं. नाव तेच. फोटो तेच, मशीनसमोर अप्पा. खूण पायरीवर. पण नंबर? नंबर भलताच. खाली वेळ, "चोवीस तास उघडे". तिनं घाईनं आपला फोन काढला. स्वतःच्या फोनवरून आत जायला बघते, तर कंपनीचं उत्तर, या दुकानाशी तुमचा काही संबंध नाही.

संबंध नाही! पायरीवर बूड टेकून बसलेल्या बाईला सांगतात संबंध नाही!

तिनं सरळ तो भलता नंबर लावला. पलीकडे लोण्यासारखा आवाज.

"नमस्कार, बोला, कोणतं कुलूप अडलंय?"

"कपाटाचं अडलंय हो," ही म्हणाली. "दुकान कुठं आहे तुमचं?"

"घड्याळाच्या मनोऱ्यासमोर, ताई. फार जुनं दुकान. आमचे वडील स्वतः बसतात."

"हो का? आत्ता उघडं आहे?"

"उघडंच आहे. वडील समोरच बसलेत माझ्या."

"मग एक काम करा," ती म्हणाली, "जरा शटर वर करून बाहेर या. मी तुमच्याच पायरीवर बसलेय. आणि तुमचे ते वडील समोरून लंगडत येतायत, त्यांना हात द्या."

फोन कट. चहावाला हसत सुटला. तिला मात्र हसायची सवड नव्हती, कारण अप्पांच्या मागोमाग बाई येत होत्या.

बाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. निम्म्या बाजाराच्या बायका त्यांच्या हाताखालून गेलेल्या. त्यांच्या वाड्यावजा बंगल्याच्या दारावर एक जुनं पितळी कुलूप होतं, वडिलांच्या वेळचं, आणि ते अप्पांशिवाय कुणाच्या हाताला दाद देत नसे. अप्पांनी शटर उघडताच बाईंनी रुमालात बांधून आणलेलं काहीतरी गल्ल्यावर ठेवलं. ते कुलूप होतं. मधोमध ड्रिलचं भोक.

"तुमच्या नावानं माणूस आला," बाई म्हणाल्या. "कुलूप अडलं म्हणून मी फोनमध्ये तुमचं दुकान काढलं, तुमचा फोटो बघितला, फोन केला. आलेला पोरगा म्हणाला, अप्पांनी पाठवलंय. पाच मिनिटांत भोक पाडलं, मागितले तेवढे पैसे घेतले आणि पत्र्याचं कुलूप लावून गेला. अप्पा, मी अनोळखी माणसाला दार उघडलं असतं का? तुमच्या नावावर उघडलं."

अप्पांनी कुलूप उचललं. त्या भोकातून त्यांना पलीकडची भिंत दिसत होती. ते म्हणाले, "मी कुणाला पाठवलं नाही हो, बाई."

"ते मला आता कळतंय," बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या. चिडून गेल्या असत्या तरी परवडलं असतं. त्या दुखावून गेल्या.

सुनेनं सासऱ्यांकडे बघितलं. "अप्पा, मी नसताना कुणाचा फोन आला होता?"

आला होता. नकाशाच्या ऑफिसातून बोलतो म्हणाला. फार गोड माणूस. म्हणे उद्यापासून तुमचं दुकान 'कायमचे बंद' असं दिसणार, ते थांबवायचं असेल तर फोनवर आलेले आकडे वाचून दाखवा. अप्पा घाबरले. सून घरी नाही, तिनं एवढं जिवापाड सांभाळलेलं, आपल्या हलगर्जीपणानं बंद दिसायला नको. चष्मा लावला आणि आकडे वाचून दाखवले, दोनदा, म्हणजे चुकायला नको.

"दोनदा!" सून ओरडली. "अप्पा, मेव्हण्याला तासभर दारात उभं करता आणि या भामट्याला दोनदा वाचून दाखवलेत?"

"त्यानं किल्ली कुठं मागितली? आकडे मागितले."

"तीच किल्ली होती, अप्पा! त्या दाराची तीच किल्ली!"

अप्पांचा चेहरा असा उतरला की तिचा राग अर्ध्यातच निवला. त्यांनी तार खिशातून काढून गल्ल्यावर ठेवली. "बोर्ड उतरव," ते म्हणाले. "माझ्या नावावर लोकांची दारं फुटायला लागली. आणखी चार बायांनी हाक मारली तर? दुकान नसलेलं बरं."

"बोर्ड कुठेही जात नाही," ती म्हणाली. "उठा, आधी बाईंच्या दाराला चांगलं कुलूप लावून या. पैसे घेऊ नका. बाकीचं मी बघते."

आणि तिनं बघितलं. दुकानासमोर ठळक पाटी लावली, 'आमचा नंबर बदललेला नाही. दुसऱ्या नंबरावर फोन करू नका.' चष्मेवाला, शिंपी, चहावाला, सगळ्यांच्या नकाशातल्या पानांवर तेच लिहिलं. ती पानं तर तिच्याच हाती होती. खोट्या नंबराची तक्रार केली, बाईंच्या कुलपाचा फोटो जोडून पोलिसांतही नोंद केली. आणि कंपनीकडे अर्ज केला की दुकान आमचं आहे, परत द्या. भामट्यानंही लाजलज्जा गुंडाळून ठेवून उत्तर दिलं की मालक मीच. अप्पा रोज येत होते, तारेनं शटर उघडत होते, पण आता डावीउजवीकडे बघतानाही त्यांची मान खाली असायची. फोन वाजत नव्हता. जो वाजायचा तो कुठल्यातरी परक्या खोलीत वाजत होता आणि कुणाच्यातरी दाराला भोक पडत होतं. 

शेवटी कंपनीचं उत्तर आलं. एकच व्हिडिओ पाठवा, मधे न तोडता. रस्ता दिसू दे, बोर्ड दिसू दे, आणि दुकान तुमच्या ताब्यात आहे हे दाखवण्यासाठी ते उघडून दाखवा.

"बघा अप्पा, एवढंच!" सून खूश. अप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले. तिनं फोन धरला, घड्याळाच्या मनोऱ्यापासून सुरुवात केली, बोर्ड नीट दाखवला, मग शटर. अप्पा पुढे झाले. इतक्या दिवसांनी त्यांच्या पाठीत ताठा आला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, खिशातून तार काढली आणि दोन श्वासांत कुलूप मोकळं. चहावाल्यानं टाळी वाजवली. एवढा सुंदर व्हिडिओ तिनं आयुष्यात काढला नव्हता.

दोन दिवसांत उत्तर, नामंजूर. दुकान तुमच्या ताब्यात असल्याचं या व्हिडिओतून सिद्ध होत नाही.

ती भडकली. कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग चष्मेवाला म्हणाला, "वहिनी, मला दाखवा बरं." त्यानं बघितला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला आणि खोकल्यासारखं करत म्हणाला, "रागावू नका. पण अप्पांना न ओळखणाऱ्यानं हे बघितलं तर..."

तिनं फोन ओढून घेतला आणि परक्याच्या डोळ्यांनी बघितलं, रोज सकाळी बघते तसं. एक म्हातारा बंद दुकानाशी येतो. कुणी बघत नाही ना म्हणून इकडेतिकडे बघतो. वाकड्या तारेनं कुलूप फोडतो. साथीदार टाळ्या वाजवतो.

दिवसाढवळ्या घरफोडी! आणि हिनं ती कौतुकानं, स्वतःच्या हातानं, पुरावा म्हणून पाठवलेली. तिला हसू फुटलं ते आवरेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मधेच कुठेतरी ते पाणी खरं झालं.

"हसतेस काय?" अप्पा आतून म्हणाले.

"अप्पा, किल्ली करा."

"कशाची?"

"दुकानाची. या आपल्या दुकानाची."

"मला? किल्ली?" अप्पांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "सगळा बाजार हसेल."

"बाजार आधीच हसतोय," ती म्हणाली आणि मग इतक्या वर्षांचं तुंबलेलं बाहेर आलं. "रोज त्या पायरीवर बसते मी. दुकान मी झाडते, मशीन मी चालवते, फोन मी घेते, आणि माझ्याच दुकानाबाहेर भिकाऱ्यासारखी बसते, का, तर कुलूप फक्त तुम्हाला ओळखतं! तुम्ही आजारी पडलात तर दुकान बंद. आणि कंपनी काय वेगळं मागतेय? तुमचाच नियम आहे. दार आपलं असेल तर उघडून दाखवा. तुम्ही गावाला विचारता, तेच तुम्हाला विचारलं तर राग का येतो?"

  अप्पा उठले, भिंतीवरून एक कोरी किल्ली काढली, मेणबत्ती पेटवली.

कोऱ्या किल्लीला ज्योतीवर काजळी धरायची, कुलपात घालून हलकेच पिळायची आणि बाहेर काढायची. आतल्या खिळ्यांनी जिथे काजळी खरवडली तिथे कानस चालवायची. पुन्हा काजळी, पुन्हा कुलूप, पुन्हा कानस. दुसऱ्यांच्या शेकडो कुलपांना अप्पांनी हेच केलं होतं. आपल्या कुलपाला पहिल्यांदाच करत होते, आणि सून जवळ बसून बघत होती. कितीतरी वेळा किल्ली अडली. अप्पांनी कुलपाला दोन शिव्या दिल्या, ओळख वगैरे विसरून. आणि मग ती फिरली. आत खट् झालं आणि कडी उडाली.

अप्पांनी किल्ली शर्टाला पुसली. सुनेनं हात पुढे केला. त्यांनी किल्ली दिली नाही. चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

"दार कुणाचं?"

 "आपलं," ती म्हणाली.

"मोघम उत्तर आहे," अप्पा म्हणाले. पण किल्ली दिली.

दुसरा व्हिडिओ तसा रटाळ झाला. रस्ता, मनोरा, बोर्ड. मग फोन चष्मेवाल्यानं धरला आणि एका मध्यमवयीन बाईनं पिशवीतून किल्ली काढली, कुलूप उघडलं, शटर वर ढकललं, आत जाऊन दिवा लावला आणि मशीनपाशी बसली. इकडेतिकडे कुणी बघितलं नाही. टाळीही नाही, चहावाल्याला तशी ताकीदच होती.

मंजूर.

ती त्याच दिवशी नकाशावरच्या खात्यात शिरली आणि ते झाडून काढलं. परकी माणसं काढून टाकली, नंबर परत लावला, पासवर्ड बदलला. नुसत्या पासवर्डावर दार उघडू नये म्हणून दुसरी कडी घातली, तिच्या हातातल्या फोनशिवाय न उघडणारी. घरातला आणखी एक माणूस हवा म्हणून ट्रकवाल्या नवऱ्याचं नाव घातलं, तो फोनवर म्हणाला, "मला काय कळतंय त्यातलं?" ती म्हणाली, "कुणी काही विचारलं तर नाही म्हणायचं, एवढं येतं ना?" मग अप्पांचा फोटो बदलला. मशीनसमोर अप्पा होतेच, आता बाजूला तीही होती. पहिला अभिप्राय आला तो बाईंचा. फोन खात्रीनं याच नंबरावर करावा, एवढंच लिहिलं होतं, वळणदार आणि बिनचूक.

आता सकाळी ती आधी येते, उघडते, झाडते. जुना फोन आता गल्ल्यावर बसून बघते. अप्पा येतात तेव्हा दुकान सुरू झालेलं असतं. पहिल्या काही दिवसांत त्यांचा हात सवयीनं खिशात जायचा आणि तसाच बाहेर यायचा.

परवा दुपारची गोष्ट. ती मशीनवर होती, हात किल्लीत गुंतलेले. फोन वाजला, अप्पांनी उचलला. पलीकडचा आवाज तिला मशीनच्या घरघरीतही ऐकू आला, तोच, लोण्यासारखा. नकाशाच्या ऑफिसातून बोलतोय म्हणे. आकडे आलेत, जरा वाचून दाखवता का?

तिनं मशीन बंद केलं. अप्पांनी तिला हातानंच थांबवलं.

"देतो की," अप्पा गोड आवाजात म्हणाले. "पण माझा एक नियम आहे. आधी इथे या, दार उघडून दाखवा, आणि दार कुणाचं ते सांगा."

पलीकडून काहीतरी बोलणं झालं.

"नाही हो, माझं नाही," अप्पा म्हणाले. "दुकान सूनबाईंचं आहे. किल्ली त्यांच्याकडे असते. थांबा, देतो त्यांना फोन."

त्यांनी फोन पुढे धरला. पण पलीकडे कुणी उरलं नव्हतं.